लांगटांग: गावावरून जाणारी वाट

नेपाळमधल्या लांगटांग ट्रेकची माहिती शोधायला बसलं की एक ओळ हमखास सापडते: 'या टप्प्यात वाट भूस्खलनाच्या भागातून जाते, साधारण वीस-पंचवीस मिनिटं.' हिशेब बरोबर आहे, आम्हालाही तेवढाच वेळ लागला. पण परत आल्यापासून ओळखीतला जो तो त्या वीस-पंचवीस मिनिटांबद्दलच विचारतोय, आणि चहा पिता पिता सांगून ते नीट सांगता येत नाही. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

आम्ही तिघं होतो: मी, शिरीष आणि मेघनाताई. तिघंही पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, सह्याद्रीत पाय घासलेले. लांगटांग निवडण्यामागे काही उदात्त विचार नव्हता. एव्हरेस्ट बेस कॅम्पला लुक्लाच्या विमानाचा घोर आणि खर्च, अन्नपूर्णेच्या बाजूला गर्दी, आणि लांगटांगला काठमांडूहून सरळ जीपने जाता येतं. आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. राष्ट्रीय उद्यानाचा परवाना इतर परदेशी पाहुण्यांना ३,००० नेपाळी रुपयांना पडतो, सार्क देशांतल्या लोकांना १,५०० ला. २०१५ च्या भूकंपात तिथलं लांगटांग हे गावच दरडीखाली गाडलं गेलं हे तिघांनाही माहीत होतं. त्याला दहा वर्षं उलटून गेल्यावर, २०२५ च्या नोव्हेंबरात आम्ही निघालो.

काठमांडू ते स्याफ्रुबेसी अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर, पण दिवस जातो. त्रिशूली, बेत्रावती, मग रामचेकडचा तो भाग, जिथे डोंगर दरवर्षी रस्त्यावर येतो आणि रस्ता दरवर्षी पुन्हा कोरला जातो. ड्रायव्हर तिथे गाणी बंद करतो. धुंचेला सैन्याची चौकी आहे, सॅका उघडून बघतात. हाच रस्ता पुढे रसुवागढीला चीनच्या हद्दीवर जातो. तिथला मितेरी पूल ८ जुलै २०२५ च्या पुरात वाहून गेला होता. तिबेटच्या बाजूला हिमनदीच्या पाठीवर साचलेलं तळं रितं झालं आणि ते पाणी भोटेकोशी नदीतून खाली आलं. म्हणजे आम्ही दहा वर्षांपूर्वीची आपत्ती बघायला निघालो होतो आणि चार महिन्यांपूर्वीची वाटेतच भेटली. मेघनाताई म्हणाल्या, "अगं, इथे 'पूर्वी' असं काही नसतंच बहुतेक."

पहिला दिवस जंगलाचा. स्याफ्रुबेसी दीड हजार मीटरवर, मुक्कामाचं लामा हॉटेल चोवीसशेच्या पुढे. लामा हॉटेल हे हॉटेलाचं नाव नाही, पाच-सहा लॉजच्या वस्तीचं आहे. ओक, बांबू, शेवाळलेली खोडं, एका बाजूला सतत चढ आणि दुसरीकडे खाली लांगटांग खोला. खोला म्हणजे नदी, पण आवाज ऐकून नदी म्हणावंसं वाटत नाही, एवढी ती दगडांवर आपटत येते. समोरच्या कड्यावर रानमाश्यांच्या पोळ्यांचे अर्धगोल डाग दिसतात. लंगूर भरपूर. लाल पांडा या जंगलात आहे म्हणतात. आम्हाला त्याचं चित्र असलेल्या पाट्या दिसल्या. या दिवसाबद्दल एवढं पुरे. चढ आहे, पाय दुखतात, डाळभात मागेल तितका वाढतात.

दुसऱ्या दिवशी घोडातबेलाला दरी उघडते. तोवर आपण घळीत असतो, मान वर केली तरच आकाश. घोडातबेलाला पोचलो की तीन हजार मीटर होतात आणि एकदम रुंद, सपाट तळ असलेली दरी समोर येते. खालची दरी नदीने कापलेली, वरची हिमनदीने खरवडलेली, हा फरक पुस्तक न उघडता कळतो. सपाट जागा, पाणी, गवत, ऊन. शिरीष म्हणाला, "माणूस इथेच घर बांधणार." बरोबरच आहे. मलाही तसंच वाटलं.

आमचा गाइड याच जिल्ह्यातला, तामाङ समाजाचा, चाळिशीचा. आम्ही त्याला दाइ, म्हणजे दादा म्हणायचो, तो मेघनाताईंना दिदी आणि मला बहिनी, म्हणजे धाकटी बहीण. हिंदी छान बोलायचा. भूकंपाचा विषय त्याने स्वतःहून काढला नाही. थांगश्यापला आलूपराठ्यासारखं काहीतरी खाल्लं आणि निघालो, तेव्हा त्याने फक्त नदीपलीकडच्या उतारावर काठी रोखली.

त्या उतारावर झाडं आडवी पडलेली होती. तोडलेली नाहीत, उन्मळूनही नाहीत. करड्या पांढुरक्या खोडांचा सबंध पट्टा, आणि सगळी खोडं एकाच दिशेला, चढाच्या दिशेला झोपलेली. वादळात पडलेली झाडं मी पाहिली आहेत, ती उताराकडे तरी पडतात किंवा अस्ताव्यस्त तरी. ही कुणीतरी कंगवा फिरवल्यासारखी वर विंचरलेली होती. दरड आमच्या बाजूच्या, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगरावरून आली. तिच्यापुढे जो हवेचा लोट सुटला तो दरी ओलांडून समोरच्या अंगावर चढला. दगडमाती जिथवर पोचली नाही तिथवर नुसती हवा पोचली, आणि नुसत्या हवेने जंगल झोपवलं. अभ्यासकांनी त्या वाऱ्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर धरला आहे. दाइ म्हणाला, "लोग दब के मरे, सब यही सोचते हैं. हवा से भी बहुत गये."

काय घडलं ते थोडक्यात असं. २५ एप्रिल २०१५, शनिवार, नेपाळी वेळेनुसार दुपारचे बाराला चार मिनिटं कमी. गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकपाशी केंद्र असलेला ७.८ तीव्रतेचा भूकंप. लांगटांग गावाच्या थेट डोक्यावर लांगटांग लिरुङ, ७,२०० मीटरहून उंच. त्या हिवाळ्यात वर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बर्फ पडलेला. हादऱ्याने बर्फ, हिम आणि खडक सगळंच सुटलं, उतारावरून वेग घेत आलं आणि गावामागच्या उभ्या कड्यावरून खाली कोसळलं. खाली साठलेल्या ढिगाऱ्याचं माप जवळपास ७० लाख घनमीटर निघालं. नदीही त्याखाली गेली आणि काही काळ ढिगाऱ्याच्या पोटातून वाहत राहिली. गावकरी, ट्रेकर, भरिया (हमाल), सैनिक मिळून तीनशेहून अधिक माणसं या खोऱ्यात गेली. शंभराहून जास्त जणांचे देह मिळालेच नाहीत.

हे आकडे मी घरून वाचून गेले होते. चामकी आणि गुम्बा या वस्त्या मागे टाकून एक टेपाड चढलो आणि वाट त्या ढिगाऱ्यावर उतरली, तेव्हा आधी आकडे आठवले नाहीत. आधी पायाखालचा दगड वेगळा लागला.

सह्याद्रीत आपण घसाऱ्यावर चालतो तेव्हा पायाला कळतं की हा मुरूम आहे, वरून झिजून खाली आलेला. नदीपात्रातला गोटा वेगळाच, गुळगुळीत, पाण्याने हातात खेळवलेला. लांगटांगच्या ढिगाऱ्यातला दगड या दोन्हींत बसत नाही. प्रत्येक दगडाला कोर आहे, ताजी फुटल्यासारखी धारदार. खोलीएवढा धोंडा, त्याला टेकून मुठीएवढे खडे, आणि मधल्या फटींत पिठासारखी पांढरी पूड, सगळं एकत्र कालवलेलं. पाणी दगडांची निवड करतं, जड मागे ठेवतं, हलकं पुढे नेतं. इथे निवडायला वेळच मिळालेला नाही. मी खाली बसून एक खडा उचलला, बोटाला कड लागली, आणि परत होता तिथे ठेवला. बाजूला पत्र्याचा एक तुकडा होता, घडी घातल्यासारखा चौपदरी दुमडलेला, गंजून तांबडा झालेला. त्याच्या आडोशाला काटेरी झुडूप उगवलं होतं, नारिंगी बारीक फळांनी लगडलेलं. दाले चुक म्हणतात त्याला. पुढच्या लॉजमध्ये त्याचाच आंबट सरबताचा कप आम्ही घेतला.

वाट चांगली मळलेली आहे. दोन्ही कडांना दगड लावलेत, मधेमधे लुङ्ता, म्हणजे प्रार्थनेच्या पताका. काही याक चरत होते, या ढिगाऱ्यावर आता तेवढं गवत आलंय. दुपारनंतर या दरीत खालून वर वारा सुटतो, तो पाठीवर घेऊन आम्ही चाललो. शिरीषने मधेच दाइला विचारलं, "गाव नेमकं कुठे होतं?" दाइने पायाकडे बघितलं आणि काठीने खाली दोनदा टोचलं.

एक घर उरलंय, एकच. वरच्या अंगाला कडा पुढे झुकलेला आहे, त्याच्या कपारीला चिकटून ते उभं आहे. दरड कड्यावरून उडी घेऊन आली आणि त्या घराच्या डोक्यावरून पुढे पडली. ते बघून मेघनाताई बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आपण बाई कायम सांगत आलो, कड्याला चिकटून घर नको." आपल्याकडे ते खरंच आहे. सह्याद्रीत डोंगरउतारावरची माती आणि कुजलेला खडक पावसाने भिजून भिजून जड होतो आणि एका रात्रीत सगळं अंग सुटतं. लांगटांगची दरड मोसमी पावसाशी संबंध नसलेली, भर दुपारी, गावाच्या दोन-तीन किलोमीटर वरून आलेली. एकीकडचा आडाखा दुसरीकडे लावायला गेलं तर फसायला होतं.

इर्शाळवाडीचा विषय तेव्हा निघाला, निघणारच होता. आम्ही तिघांनीही तिथे ताक प्यायलंय, कितीतरी वेळा. इर्शाळगडाच्या नेढ्याकडे जाणारा प्रत्येक ट्रेकर माचीवरच्या त्या ठाकरवाडीतूनच जायचा. १९ जुलै २०२३ च्या रात्री ती दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले, आणि गाडीरस्ता नसल्याने जेसीबी वर नेता आला नाही, सगळं खणणं हातांनी झालं. त्याआधी ३० जुलै २०१४ ला माळीण, १५१ माणसं. माळीण आमडे इथे नव्याने वसवलं, इर्शाळवाडीच्या लोकांना सिडकोने चौकजवळ घरं बांधून दिली. गाव दुसरीकडे हलवलं, मूळ जागा सोडली. लांगटांगच्या लोकांनी तसं केलं नाही. ढिगारा संपतो तिथून थोडं पुढे, थोडं वर, नवीन लांगटांग उभं आहे. दुमजली, तिमजली लॉज, निळे आणि हिरवे पत्रे, सौर दिवे.

काही जुने ट्रेकर या गावाबद्दल नाक मुरडतात. आधी कोरीव लाकडी खिडक्या होत्या, दगडी भिंती होत्या, आता सगळं सिमेंट, मजा राहिली नाही, वगैरे. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कोरीव खिडकी करायला सुतार लागतो, लाकूड लागतं आणि सवड लागते. वाचलेली माणसं हेलिकॉप्टरने काठमांडूला नेली होती, स्वयंभूजवळच्या पिवळ्या गुम्बाच्या (बौद्ध मठाच्या) आवारात तंबूत राहिली होती. घर बांधायला सरकारकडून तीन लाख नेपाळी रुपये, तेही हप्त्यांत. खाली मोटाररस्ता थेट गावापर्यंत नाही, पत्रा आणि सिमेंट एकतर खेचरावर नाहीतर हेलिकॉप्टरने. या हिशेबात खिडकीवर वेलबुट्टी कोण काढणार? तुम्हाला जुन्या खिडक्यांचे फोटो हवेत तर ते आहेत कुणाकुणाकडे, बघा.

आम्ही उतरलो तो लॉज एका बाईचा होता. पन्नाशीची असेल, कमरेला पट्ट्यापट्ट्यांचं पाङ्देन, म्हणजे एप्रन, गालांवर उन्हाची लाली. चुलीभोवती बसायला जागा, आणि चुलीत याकच्या शेणाच्या गोवऱ्या. मेघनाताई लसूण सोलायला बसल्या ते तिला फार आवडलं. तिने स्वतःहून सांगितलं ते एवढंच: त्या दिवशी ती सामान आणायला काठमांडूला गेली होती. घरच्यांपैकी कोण घरी होतं, ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. बाकी मात्र भरभरून बोलली. तंबूतले दिवस, परत येऊन पहिल्या वर्षी बटाटा लावला तो, कर्ज काढून लॉज बांधला आणि दोन-तीन चांगले हंगाम मिळतात न मिळतात तोच २०२० साली कोविड. कोविडबद्दल ती भूकंपापेक्षा जास्त चिडून बोलत होती. "भुइँचालो (भूकंप) तो एक बार आया," असं काहीसं म्हणाली, "बँक का आदमी हर महीने फोन करता था."

शिरीषने जेवताना न राहवून विचारलंच, की परत इथेच का बांधलं, वर तोच डोंगर आहे. मला वाटलं ती रागावेल. ती उठून चहा गाळायला लागली आणि उत्तर दाइने दिलं. जमिनीचा लालपुर्जा, म्हणजे आपल्याकडचा सातबारा समजा, तो इथला आहे. याक चरतात ती खर्कं वर आहेत. खाली स्याफ्रुबेसीला यांची वीतभर जमीन नाही. पुन्हा खाली तरी काय, नदी आहेच. जुलैतला पूर आठवून आम्ही गप्प बसलो.

सकाळी गावातल्या स्मारकापाशी गेलो. नावं कोरलेली आहेत, ओळीने, देशी-परदेशी. मणीच्या, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंतीला घालतात तशी, भिंत उजव्या हाताला ठेवून, प्रदक्षिणा घालायची असते. एका खालोखाल एक अशी एकाच घरातली वाटावीत अशी नावं दिसत होती. मी सगळी वाचली नाहीत.

लांगटांग ते क्यानजिन गुम्बा हा टप्पा छोटा आणि देखणा आहे. मणीच्या दगडांची लांबच लांब भिंत वाटेत चालत राहते, प्रत्येक शिळेवर मंत्र कोरलेला. ओढ्यांवर पाण्याने फिरणारी प्रार्थनाचक्रं. क्यानजिन ३,८७० मीटरवर. तिथे १९५० च्या दशकात स्विस मदतीने सुरू झालेला चीजचा कारखाना आहे, कारखाना म्हणजे दोन-तीन खोल्या. चीज घ्याच. शिरीष दाइबरोबर पहाटे छेर्को रीला गेला, जवळपास पाच हजार मीटर. मी आणि मेघनाताई क्यानजिन रीच्या खालच्या पताकांपर्यंत चढून बसलो. आम्हाला तेवढं पुष्कळ होतं.

तिथून एक गोष्ट दिसली, जी मी इतके दिवस वाचूनही मनावर घेतली नव्हती. छेर्को री ज्या डोंगराचा भाग आहे तो स्वतःच एका प्रचंड जुन्या दरडीचा अवशेष आहे. हजारो वर्षांपूर्वी, माणसाचं इथे नावही नव्हतं तेव्हा, या बाजूचा सबंध पहाड सरकला. त्याचं माप लाख घनमीटरमध्ये मोजत नाहीत, घन किलोमीटरमध्ये मोजतात, आणि ते दहाच्या आसपास धरलं जातं. सरकताना घर्षणाने खडक इतका तापला की तळाशी वितळून काचेसारखा थर तयार झाला. जगात अशा काचेची ठिकाणं मोजकी, त्यांतलं एक लांगटांग. आम्ही बसलो होतो तिथून समोरचा कडा नीट न्याहाळला तर अखंड थर दिसत नव्हते. दगडात दगड रुतलेले, भरड, तुकड्यांचं काम. आणि मागे वळून बघितलं तर क्यानजिनची वस्ती लिरुङ हिमनदीने आणून टाकलेल्या धोंड्यांच्या बांधाजवळ. घोडातबेलाला 'माणूस इथेच घर बांधणार' म्हणून आम्ही ज्या सपाटीचं कौतुक केलं, तसल्या बऱ्याच सपाट्या या खोऱ्यात कधी ना कधी वरून आलेल्या दगडमातीनेच झालेल्या आहेत. मी मेघनाताईंना हे उत्साहाने सांगायला लागले. त्या म्हणाल्या, "तू आता खाली प्रत्येक लॉजमध्ये झोपण्याआधी डोंगर बघणार." आणि तसंच झालं. सवयच लागली. खोली मिळाली की आधी बाहेर येऊन वर काय आहे ते बघायचं, ओढा कुठून उतरतो, त्याच्या तोंडाशी धोंडे गोल आहेत की कोरदार, त्यांच्यावर शेवाळ किती जुनं. राजमाचीला गेले तरी आता बघते. शिरीषला ते वेडेपणाचं वाटतं.

उतरताना पुन्हा लांगटांगलाच मुक्काम केला, त्याच बाईकडे. तिची एक तक्रार होती, ती मात्र तिने मुद्दाम सांगून ठेवली. काठमांडूतले एजंट लोकांना लामा हॉटेलहून दमवत आणतात, लांगटांगला नुसता चहा पाजतात आणि मुक्कामाला क्यानजिनला नेतात. ट्रेकर येतात, ढिगाऱ्याचे फोटो काढतात, स्मारकापाशी उभे राहतात आणि निघून जातात. रात्रीला खोली घेत नाहीत. कर्ज खोल्यांवर काढलेलं आहे, फोटोंवर नाही, हे तिने हसत हसत सांगितलं.

तेव्हा जाणार असाल तर कार्यक्रम ठरवताना लांगटांगला एक रात्र घालायला सांगा. उंचीच्या हिशेबानेही ते शहाणपणाचं आहे, चोवीसशेवरून एका दिवसात जवळपास एकोणचाळीसशेला झोपायला जाऊ नये. रोख नेपाळी पैसे काठमांडूतूनच न्या. मोबाइल चार्ज करायचे, गरम पाण्याचे वेगळे पैसे पडतात, त्यावरून घासाघीस करू नका. आणि त्या बाईचा लॉज कुठला म्हणून विचाराल, तर गावाच्या वरच्या टोकाला, निळ्या पत्र्याचा. निळा पत्रा तिथे निम्म्या गावाचा आहे, त्यामुळे चुकून दुसरीकडे शिरलात तरी काही बिघडत नाही.